पागेतून रिंगणात : विष्णुपंत छत्रे आणि त्यांची सर्कस

सर्कशीचं रिंगण ४२ फूट व्यासाचं असतं. तंबू लहानमोठा होतो, खुर्च्या वाढतात, कमी होतात, गाव बदलतं. रिंगण तेवढंच राहतं. हे माप घोड्यानं ठरवलेलं आहे. याहून लहान गोलात घोड्याला धड दौड धरता येत नाही, आणि याहून मोठा गोल घेतला तर मधोमध उभ्या असलेल्या शिक्षकाचा लांब चाबूक त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाघ-सिंह, हत्ती, झुले, विदूषक ही मंडळी नंतर आली. आधी घोडा होता, आणि त्याला शिकवणारा माणूस होता.

भारतीय सर्कशीच्या पहिल्या संस्थेचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं, तेव्हा सुरुवात तंबूपासून करायची नाही, पागेपासून करायची, एवढं माझ्या मनाशी पक्कं होतं. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांना आपण भारतीय सर्कशीचे जनक म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण सर्कस त्यांच्या आयुष्यात चाळिशीच्या आसपास आली. त्याआधी आणि त्यानंतरही ते होते चाबुकस्वार. हा शब्द आता कोशात गेला. कोवळ्या, बुजऱ्या, अंगाला हात लावू न देणाऱ्या शिंगराला माणसाळवून, त्याला चाल लावून, वळण लावून स्वारीजोगता करणारा तो चाबुकस्वार. नावात चाबूक असला तरी चांगल्या चाबुकस्वाराचा चाबूक जनावराच्या अंगावर उठत नाही. शाळेत मास्तर फळ्यावर छडीनं अक्षर दाखवतात, तसा तो दाखवण्यापुरता असतो.

सर्कस हा प्रकार जन्मला तोही अशाच एका घोडेशिक्षकाच्या अंगणात. फिलिप ॲस्टली हा इंग्लंडच्या १५व्या लाइट ड्रॅगून्स पलटणीतला सार्जंट मेजर. फौजेतून बाहेर पडल्यावर १७६८ साली त्यानं लंडनच्या लॅम्बेथ भागात घोडेस्वारीची शाळा काढली. सकाळी तो शिकवणी घ्यायचा आणि दुपारी त्याच जागेत धावत्या घोड्यावर उभं राहून कसरती दाखवायचा. सरळ रेषेत पळणाऱ्या घोड्यापेक्षा गोलात पळणाऱ्या घोड्यावर उभं राहणं सोपं जातं, हे त्याला पुरतं उमगलं होतं. घोडा आत झुकतो, स्वारही आत झुकतो, आणि गोल फिरण्याच्या ओढीनं पाय घोड्याच्या पाठीवर रुतल्यासारखे बसतात. प्रयोग करत करत त्याचं रिंगण ४२ फुटांवर येऊन थांबलं. त्याला स्वतःच्या जागेसाठी 'सर्कस' हे नाव कधी आवडलं नाही. ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी १७८२ साली आपल्या जागेला दिलं आणि पुढं सगळ्या धंद्यालाच चिकटलं. ॲस्टलीचा आणि विष्णुपंतांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही. ॲस्टली १८१४ मध्येच वारला होता. तरीही मला ही दोन माणसं एकाच घराण्यातली वाटतात. दोघांचीही पहिली भाकरी घोडा शिकवण्याची होती.

विष्णुपंतांचं मूळ गाव कृष्णाकाठचं अंकलखोप, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. जन्म १८४०च्या आसपासचा. त्या काळात या मुलखात पागेला काय अर्थ उरला होता, हे समजून घ्यायला हवं. १८१८ साली पेशवाई संपली. ज्यांच्या घोड्यांच्या टापांखाली दक्षिणेपासून अटकेपर्यंतची वाट होती, त्या सरदारांची संस्थानं झाली. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड ही सगळी पटवर्धनांची. पागा राहिल्या, मोतद्दार राहिले, खरारा आणि चंदी चालूच राहिली. मोहिमा मात्र संपल्या. दसऱ्याला सीमोल्लंघनाची मिरवणूक निघायची, पाहुणा आला की बग्गी जोडायची, एखाद्या युवराजाला रपेट शिकवायची, एवढंच काम घोड्यांना उरलं. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यातलं भीमथडीचं तट्टू अंगानं लहान, दिसायला साधं, पण डोंगरात न थकणारं. त्याला विचारणारं कोणी राहिलं नाही. शेकडो वर्षं बापाकडून लेकाकडं आलेली एक अख्खी विद्या तबेल्यात बांधून पडली होती.

अशा वेळी हा तरुण अश्वविद्या शिकायला ग्वाल्हेरला गेला.

ग्वाल्हेर शिंद्यांचं. तिथं बाबासाहेब आपटे हे अश्वविद्येतले मोठे जाणकार. विष्णुपंत त्यांचे शागीर्द झाले. आणि त्याच शहरात हद्दूखाँ होते, ख्यालगायकीच्या ग्वाल्हेर घराण्याचे थोर उस्ताद. विष्णुपंतांना गाण्याचंही तितकंच वेड. त्यांनी हद्दूखाँसाहेबांकडंही गंडा बांधला. एका गुरूच्या दारात पहाटे लगाम धरायचा आणि दुसऱ्याच्या दारात तंबोरा, अशी ही शिकवणी. विष्णुपंतांवर लिहिणारे बहुतेक जण गाण्याची बाजू 'त्यांना संगीताचीही आवड होती' अशा एका ओळीत उरकून पुढं जातात. मला ती ओळ अपुरी वाटते. घोडा आणि लय यांचं नातं ज्यानं जवळून पाहिलं असेल, त्याला ग्वाल्हेरच्या त्या दोन शिकवण्या वेगळ्या वाटणारच नाहीत.

मी ते जवळून पाहिलं, म्हणून सांगतो.

माझे वडील मिरजेत कडबा, गवत आणि हरभऱ्याचा व्यापार करत. गावात सर्कस उतरली की तिच्या जनावरांच्या वैरणीचं काम बहुतेक वेळा आमच्याकडं यायचं. बैलगाडीबरोबर मी पहाटे पहाटे मैदानावर जायचो. रात्री दिव्यांनी झगमगलेला तंबू सगळ्या गावानं पाहिलेला असायचा; पहाटेचा तंबू आम्ही तिघाचौघांनीच पाहिलेला. कनाती वर गुंडाळलेल्या, आत राखाडी उजेड, भुश्शाचा आणि घोड्याच्या घामाचा वास, आणि रिंगणाच्या मधोमध लुंगी नेसलेला एक म्हातारा. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, मीही म्हणायचो. त्यांच्या एका हातात लांब दोरी, दोरीच्या टोकाला मैना नावाची कुमैत घोडी, दुसऱ्या हातात चाबूक. घोड्याला असं दोरीवर गोल फिरवण्याला जुन्या मराठीत 'कावा देणं' म्हणत. त्या वयात मला तो शब्द ठाऊक नव्हता. मला एवढंच दिसायचं, की उस्ताद जागचे हलत नाहीत आणि घोडी मात्र त्यांच्या मनातलं ओळखल्यासारखी चाल बदलते.

ती चाल कशी बदलते, ते त्यांनी मला कानानं ओळखायला शिकवलं. डोळे मिटून घ्यायला लावायचे. साधी चाल असली की चार पाय चार वेळा वेगवेगळे वाजतात. दुडकी धरली की समोरासमोरच्या कोनांतले पाय जोडीनं पडतात, म्हणून दोनच ठोके. आणि हलकी दौड सुरू झाली की तीन ठोके येतात, मग क्षणभर चारही पाय हवेत, काहीच वाजत नाही, आणि पुन्हा तीन. "आत्ता काय धरलंय?" ते विचारायचे. मी सांगायचो, चुकायचो, पुन्हा सांगायचो. एक दिवस मी म्हणालो, "उस्ताद, हा तर दादरा आहे." ते इतके खूश झाले की त्यांनी दोरी माझ्या हातात दिली.

सर्कशीचा बँड वाजतो आणि घोडा त्या तालावर नाचतो, असं प्रेक्षकांना वाटतं. खरं उलटं असतं. बँडवाल्याची नजर घोड्याच्या पायांवर असते. घोडा ज्या लयीत आला, ती लय तो पकडतो. उत्तम साथीदार गवय्याची पकडतो तशी. आणि लय घोड्याकडून एकसारखी ठेवून घेणं, ती वाढू न देणं, तुटू न देणं, हेच शिक्षकाचं सगळं काम. पाठीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या लयीवर टांगलेला असतो. खोगीर नसतं, घोड्याच्या पाठीवर राळ चोळलेली असते, पाय घसरू नयेत म्हणून. दौडीचा तिसरा ठोका अर्ध्या मात्रेनं लवकर पडला, तरी वरचा माणूस खाली. हद्दूखाँसमोर बसून ज्यानं वर्षानुवर्षं विलंबित लय अंगात मुरवली, तो रिंगणाच्या मध्यभागी उभा राहिल्यावर घोड्यांना काय ऐकू येत असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

उस्तादांनी मला मैनेवर बसवलं तो दिवसही सांगायला हवा. घोडी चालायला लागली, मी घाबरलो आणि लगाम जोरात ओढला. तिचं तोंड उचललं गेलं, ती एका बाजूला सरकली, मी भुश्शात पडलो. कोपर फुटलं. उस्ताद आधी घोडीकडं गेले. तिच्या तोंडात बोट घालून कडीनं काही लागलंय का ते पाहिलं, मान थोपटली, कमरेच्या पुडीतला गुळाचा खडा दिला. मग माझ्याकडं आले. "लगाम ओढायचा नाही, बेटा, धरायचा. ओढतो तो हमाल, धरतो तो स्वार. लगामाच्या जागी कच्चं सूत असलं, तरी ते तुटता कामा नये." मला राग आला होता, की माझं रक्त वाहतंय आणि हे घोडीला गूळ भरवतात. पुढं कळलं, की त्यांनी तेव्हा मला पहिला धडा दिला होता.

ही विद्या पुस्तकात नव्हती. ती बाबासाहेब आपट्यांसारख्यांच्या हातातून विष्णुपंतांसारख्यांच्या हातात आणि तिथून पुढं कुठं कुठं गेली. आमच्या उस्तादांनी ती कुणाकडून घेतली, हे विचारायचं त्या वयात सुचलं नाही.

ग्वाल्हेरहून परतल्यावर विष्णुपंतांनी संस्थानिकांकडं घोडे शिकवण्याची चाकरी केली आणि कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पागेची जबाबदारी त्यांच्याकडं आली. कुरुंदवाड म्हणजे पंचगंगेच्या काठचं छोटं संस्थान, नृसिंहवाडीच्या शेजारचं. तिथल्या बाळासाहेब पटवर्धनांचा या माणसावर भरवसा बसला. असा आश्रयदाता मिळाला नसता, तर पुढचं काही घडतं असं मला वाटत नाही.

१८७९ साली ज्युसेप्पे कियारिनी हा इटालियन सर्कसवाला आपली रॉयल इटालियन सर्कस घेऊन मुंबईत आला. कियारिनी हे युरोपातलं जुनं सर्कस घराणं, आणि हा स्वतः घोड्यांचा नामांकित शिक्षक. दोन्ही अमेरिका पालथ्या घालून पूर्वेकडं आलेला. विष्णुपंत आणि कुरुंदवाडकर खेळ पाहायला गेले. खेळानंतर कियारिनीनं काढलेले उद्गार सर्कशीच्या बिऱ्हाडांत आजही सांगितले जातात. हिंदुस्थानला स्वतःची सर्कस नाही आणि ती उभी राहायला अजून बरीच वर्षं लागतील, असं तो म्हणाला. विष्णुपंतांनी हे आव्हान तिथल्या तिथं उचललं. कुणी सांगतात पैज पैशांची होती, कुणी सांगतात घोड्याची. मला त्या पैजेच्या रकमेपेक्षा वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. त्या तंबूत बसलेल्या हजारो लोकांना चमत्कार दिसत होता. विष्णुपंतांना दिसत होता कावा, चाल, हात, लगाम. समोर चाललेलं सगळं आपल्याला येतं, फक्त ते असं दिव्याखाली, बँडच्या साथीनं, तिकीट लावून दाखवायचं कधी कुणाला सुचलं नाही, हे त्या माणसाला त्या रात्री कळलं. कुरुंदवाडच्या पागेतली जी विद्या दसऱ्याच्या मिरवणुकीपुरती उरली होती, तिला नवं मैदान सापडलं.

काही महिन्यांत तयारी झाली. घोडे होतेच. अंगानं चपळ माणसंही होती. गावोगावी तालमी होत्या, मल्लखांब होता, डोंबारी आणि कोल्हाटी पिढ्यान्‌पिढ्या दोरीवर चालत होते. त्या सगळ्यांना एका रिंगणात, एका शिस्तीत आणायचं होतं. २० मार्च १८८० हा ग्रेट इंडियन सर्कशीच्या पहिल्या खेळाचा दिवस मानला जातो, आणि म्हणूनच आपण तो भारतीय सर्कशीचा वाढदिवस समजतो. लोकांनी ते इंग्रजी नाव फार काळ तोंडात ठेवलं नाही. ती 'छत्र्यांची सर्कस' झाली.

ते सालच तसं होतं. १८८०च्या जानेवारीत पुण्यात चिपळूणकर, टिळक आदींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. शाळा, रंगभूमी आणि सर्कस अशी तीन दारं एकाच वर्षात उघडली. पहिल्या दोन दारांवर आपण ग्रंथ लिहिले. तिसऱ्या दारातून आत गेलेल्या माणसांनी घाम गाळला, हाडं मोडून घेतली, पोटासाठी देश तुडवला, आणि त्यांची नावंसुद्धा आपण नीट लिहून ठेवली नाहीत. ही खंत मला हा मजकूर लिहिताना पदोपदी वाटली.

सर्कशीत मुख्य आकर्षण होतं अर्थातच घोड्यांचं आणि घोड्यांवरच्या कसरतींचं. विष्णुपंत स्वतः काम करत. मालक दारावर गल्ला मोजत बसलाय आणि आत नोकर जीव धोक्यात घालतायत, असा तो कारभार नव्हता. त्यांचे बंधू काशिनाथपंत त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते आणि विष्णुपंतांच्या मागंही त्यांनी बरंच काही सांभाळलं. मुंबई आणि मद्रास १८७१ सालीच रेल्वेनं जोडली गेली होती. घोडे, तंबू, माणसं, वैरण असा सगळा प्रपंच वाघिणीत भरून देशभर हिंडणं आता शक्य होतं. ज्या वाटेनं पूर्वी मराठ्यांचे घोडे गेले असतील, त्याच मुलखांतून हे घोडे पुन्हा गेले.

या प्रवासातला एक मुक्काम भारतीय सर्कशीला वेगळं वळण देणारा ठरला. १८८७-८८च्या सुमारास सर्कस मलबार किनाऱ्यावर तेलिचेरीला, म्हणजे आजच्या थलश्शेरीला उतरली. तिथं कीलेरी कुञ्ञिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. कळरिपयट्टूच्या परंपरेत वाढलेले, मिशनच्या शाळेत मुलांना कसरत शिकवणारे. खेळ पाहून ते भारावले आणि विष्णुपंतांना भेटले. दोन शिक्षक समोरासमोर आले. एक घोड्यांचा, एक माणसांच्या शरीराचा. मलबारातल्या मुलांना कुञ्ञिकण्णन यांनी तयार करायचं आणि विष्णुपंतांनी त्यांना सर्कशीत काम द्यायचं, असं त्यांच्यात ठरलं. कुञ्ञिकण्णन यांनी शिकवायला सुरुवात केली आणि १९०१ साली थलश्शेरीजवळ चिरक्करा इथं सर्कशीचं रीतसर शिक्षण देणारी शाळा उभी केली. पुढची पन्नास-साठ वर्षं भारतातल्या जवळजवळ प्रत्येक तंबूत तिथली माणसं झुल्यावर होती. केरळला भारतीय सर्कशीचा पाळणा म्हणतात ते यामुळं. तो पाळणा हलवणारा हात कृष्णाकाठचा होता, हे मलबारातली जुनी माणसं मोकळेपणानं सांगतात. आपल्याकडं किती जणांना ठाऊक आहे?

इकडं आपल्या मुलखातही बी रुजलं. म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली, पुण्यात शेलारांची निघाली. शेलारांच्या सर्कशीत त्यांचा भाचा लहानपणीच कामाला लागला; तो दामू धोत्रे. १९०२ साली पुण्यात जन्मलेला हा मुलगा वाघ-बिबळ्यांचा जगप्रसिद्ध शिक्षक होऊन १९४०मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात उभा राहिला. दामू धोत्र्यांच्या कामाविषयी वाचताना मला सारखं जाणवतं, की जनावराला दुखवून काही शिकवता येत नाही, ही त्यांची धारणा पागेतल्या जुन्या चाबुकस्वारांच्या जातकुळीची आहे.

आता रहिमतखाँसाहेबांची गोष्ट. सर्कशीच्या इतिहासात तिला जागा कशाला, असं कुणी म्हणेल. मला ती सोडून विष्णुपंतांविषयी लिहिता येत नाही.

रहिमतखाँ हे हद्दूखाँचे चिरंजीव. ग्वाल्हेरात शिकत असताना विष्णुपंतांचे गुरुबंधू. वडिलांच्या आणि भावाच्या मृत्यूनंतर या विलक्षण गवय्याची आयुष्यावरची पकड सुटली. अफूच्या आहारी गेले, मनाचा तोल ढळला, आणि काशीत ते जवळजवळ रस्त्यावर आले होते. सर्कस घेऊन हिंडणाऱ्या विष्णुपंतांना ते तिथं सापडले. विष्णुपंतांनी त्यांना आपल्याबरोबर घेतलं. त्यांची अफू, त्यांची लहर, त्यांचं मध्येच हरवून जाणं, सगळं सांभाळत त्यांना गावोगावी नेलं आणि त्यांचं गाणं ऐकवलं. सर्कशीचा तंबू जिथं लागे, तिथं खाँसाहेबांची मैफल होई. लोकांनी त्यांना 'भूगंधर्व' म्हटलं. अब्दुल करीमखाँसारख्या गायकावर त्यांच्या गाण्याची छाया पडली आणि तिथून ती पुढं किती गळ्यांत गेली, हे संगीताचे अभ्यासक सांगतील. विष्णुपंत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गेले. त्यानंतर काशिनाथपंतांनी खाँसाहेबांना तितक्याच मायेनं जपलं. १९२२ साली रहिमतखाँसाहेबांनी देह ठेवला तो कुरुंदवाडलाच.

मी याकडं नुसता गुरुऋणाचा भाग म्हणून पाहत नाही, जरी ते ऋण होतंच. जे जनावर बुजलेलं आहे, जे कुणाला जवळ येऊ देत नाही, त्याच्याजवळ घाई न करता रोज जाऊन उभं राहायचं, त्याच्या भीतीवर रागवायचं नाही, ज्या दिवशी ते स्वतः मान पुढं करेल त्या दिवसाची वाट पाहायची, हे विष्णुपंतांचं रोजचं काम होतं. काशीत जे त्यांना सापडलं, त्यालाही त्यांनी तसंच सांभाळलं. पागेत शिकलेली सबुरी माणसाच्या कामाला आली.

छत्र्यांची सर्कस कालांतरानं थांबली. तिची जागा दुसऱ्या तंबूंनी घेतली, मोठ्या तंबूंनी, परदेशापर्यंत नाव गेलेल्या तंबूंनी. मध्ये रिंगणाचं रूपही पालटलं. हिंस्र जनावरं ही सर्कशीची ओळख झाली आणि घोडा मागं पडला. खेळाच्या सुरुवातीला दोन फेऱ्या मारून जाणारा, पडदा उघडेपर्यंत वेळ भरून काढणारा. मग १९९८ साली केंद्र सरकारची अधिसूचना निघाली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह या पाच जनावरांना शिकवून खेळ करायला बंदी आली. पिंजऱ्यात आयुष्य काढणाऱ्या त्या जनावरांसाठी जे झालं ते बरंच झालं, असं मी मनापासून म्हणतो. धंद्यातल्या माझ्या काही स्नेह्यांना हे पटत नाही, तरी म्हणतो. त्या यादीत घोडा नव्हता. तंबूतले पिंजरे रिकामे झाले आणि ज्याच्यापासून सुरुवात झाली होती, तो पुन्हा रिंगणात दिसू लागला.

पण घोडा उरला तरी शिकवणारे फारसे उरले नाहीत. चार वर्षांपूर्वी आमच्या भागात एक लहानशी सर्कस आली होती. मी सवयीनं पहाटे गेलो. दोन घोडे होते, एक अबलख आणि एक पांढरा. विशीतला एक पोरगा पांढऱ्याला दोरीवर फिरवत होता. घोडा मध्येच चाल मोडत होता, पोरगा वैतागून दोरीला झटका देत होता आणि घोडा आणखी मोडत होता. थोडा वेळ मी गप्प राहिलो. मग न राहवून आत गेलो आणि म्हणालो, "बाळ, जरा थांब. डोळे मिट आणि नुसतं ऐक." त्यानं माझ्याकडं पाहिलं, कोण हा म्हातारा असं. पण मिटले डोळे. मी घोड्याला जिभेनं आवाज दिला, उस्ताद द्यायचे तसा. घोडा दुडकीवर आला. दोन ठोके. मग हलक्या दौडीवर. तीन. पोराच्या ओठांची हालचाल होत होती, तो मोजत होता. चौथ्या फेरीला त्यानं डोळे न उघडताच दोरी सैल सोडली आणि घोड्यानं आपणहून मान खाली घेतली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

मी त्याला उस्तादांचं सांगितलं, मैनेचं सांगितलं, मग कुरुंदवाडच्या पागेचं आणि ग्वाल्हेरचं. तो ऐकत होता आणि बोलता बोलता हातानं घोड्याच्या छातीवरचा घाम निपटत होता. मी त्याला म्हटलं, आधी याला दहा मिनिटं चालव, छाती सुकू दे, मग पाणी दाखव. "आणि चहा?" तो हसून म्हणाला, कारण तंबूच्या दारात कुणीतरी किटली घेऊन उभं होतं.

घोड्याचं झाल्यावर, मी म्हटलं.